पार्किंगचं भांडण, फुटलेली काच आणि कलम ३२४

हे प्रकरण समजवण्यासाठी रचलेलं आहे, कुणा एकाच्या घरचं नाही, पण सोसायटीत राहणाऱ्यांना यातली माणसं ओळखीची वाटतील. रुपयांचे आकडे हिशेब कळावा म्हणून धरलेत. कायदा मात्र खरा आणि सध्याचा आहे, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता. त्या तारखेआधी घडलेल्या गोष्टीला जुना आयपीसी, म्हणजे भारतीय दंड संहिताच लागते, ते एक डोक्यात ठेवा.

तर झालं असं की तिसऱ्या मजल्यावरच्या एका तरुणाच्या पार्किंगमध्ये रंगकामाच्या परांच्या लागल्या होत्या, मग त्याने गाडी शेजारच्या काकांच्या जागेत लावायला सुरुवात केली, विचारलं वगैरे काही नाही, त्यांची गाडी गावाला नेलेली आहे ना मग काय फरक पडतो असा हिशेब. काकांना फरक पडत होता. पहिल्या रात्री त्यांनी वॉचमनकडे निरोप दिला, दुसऱ्या रात्री ग्रुपवर लिहिलं, "उद्या गाडी इथे दिसली तर काय होईल ते बघून घे." तिसऱ्या रात्री गाडी तिथेच होती. सकाळी पाहिलं तर पुढची काच फुटलेली, दोन्ही आरसे तुटलेले, पुढचे दोन टायर फाडलेले आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या दोन्ही दारांवर टोकापासून टोकापर्यंत खोल ओरखडे.

सीसीटीव्हीत काका रात्री पावणेदोनला हातात लोखंडी पाईप घेऊन जाताना दिसतात आणि काही मिनिटांनी परत येताना दिसतात, पण गाडी नेमकी खांबामागे असल्यामुळे प्रत्यक्ष घाव घालताना काही दिसत नाही. वॉचमन म्हणाला मी झोपलो होतो. तो दुसरं काय म्हणणार.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. दुसऱ्याचं नुकसान व्हावं या इराद्याने, किंवा होण्याची शक्यता आहे हे माहीत असूनसुद्धा, कुणी एखादी मालमत्ता नष्ट केली किंवा तिची किंमत, तिचा उपयोग कमी होईल असा बदल तिच्यात केला तर तो आगळीक नावाचा गुन्हा होतो, कलम ३२४. नुसत्या टायरची हवा सोडली तरी 'उपयोग कमी केला' असं म्हणता येतं. पण इरादा किंवा जाणीव पाहिजेच. म्हणजे काकांनी वैतागून गाडी ढकलून बाहेर काढायचा प्रयत्न केला असता आणि त्यात ती चुकून खांबाला घासली असती तर भरपाई मागता आली असती, पण फौजदारी गुन्हा उभा करणं अवघड गेलं असतं. निष्काळजीपणा आणि आगळीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक तक्रार लिहिताना नेमकं हेच एकत्र कालवतात.

शिक्षा नुकसानीच्या आकड्यावर ठरते. साधी आगळीक असेल, पोटकलम (२), तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. नुकसान वीस हजार ते एक लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत, एक लाख किंवा त्याच्या वर गेलं तर पाच वर्षांपर्यंत. मधे एक पोटकलम (३) आहे, सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या मालमत्तेसह कुठल्याही मालमत्तेचं नुकसान, एक वर्षापर्यंत. आता 'कुठल्याही' म्हटल्यावर खाजगी वस्तूचं दहा हजारांचं नुकसान (२) मध्ये धरायचं की (३) मध्ये, यावर दोन वकील सहज भांडतील. मसुदा लिहिणाऱ्यांनी इथे जरा घाईच केलीये असं मला वाटतं. जुन्या कायद्यात मर्यादा होती पन्नास रुपये, १८६० सालचे पन्नास रुपये, त्यामुळे आजच्या काळात जवळपास प्रत्येक तोडफोड थेट दोन वर्षांच्या कलम ४२७ मध्ये जाऊन बसायची. नवीन मर्यादा निदान आजच्या जगातल्या आहेत. आणि हो, नव्या कायद्यात समाजसेवेची शिक्षा आलीये म्हणून काका आठवडाभर बाग झाडून सुटतील असं ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, तर ती शिक्षा मोजक्याच गुन्ह्यांना आहे आणि त्यात कलम ३२४ नाही.

तरुण सकाळी सकाळी गाडी टो करून शोरूमला नेतो, एस्टिमेट घेतो, एक लाख बारा हजार, आणि तो कागद घेऊन पोलीस ठाण्यात जातो की एफआयआर घ्या. ठाणे अंमलदार कागद वाचतो, फोटो बघतो आणि विचारतो की मागचा बंपर यात कसा आला, फोटोत तर मागून काहीच झालेलं नाही. बंपरला जुना डेंट होता. शोरूमवाल्याने तोही घातला होता, आणि शोरूमवाले घालतातच, आता गाडी आलीच आहे तर सगळंच करून घ्या म्हणून. बंपर आणि दोनचार फालतू आयटम काढले तर आकडा येतो अठ्ठ्याहत्तर हजार. पोलीस म्हणतात एनसी होईल, म्हणजे एफआयआर नाही, नुसती अदखलपात्र नोंद.

तरुण भडकतो. त्याला वाटतं काकांची वर ओळख आहे. ओळख असेलही, पण इथे अंमलदार बरोबर होता, जरी त्याने दिलेलं कारण ("सोसायटीचं मॅटर आहे, आपसात मिटवा") चुकीचं होतं. खरं कारण असं की ३२४ मध्ये एक लाखाची रेघ शिक्षेपुरती नाहीये, ती गुन्हा दखलपात्र आहे की नाही हेसुद्धा ठरवते. एक लाखाच्या खालची साधी तोडफोड अदखलपात्र, म्हणजे पोलीस स्टेशन डायरीत नोंद करतात, तक्रारदाराला मॅजिस्ट्रेटकडे जायला सांगतात, आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत, ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १७४ मध्ये लिहिलंय. एक लाख किंवा वर असेल तर दखलपात्र, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय एफआयआर होतो, कलम १७३. म्हणून तर एस्टिमेट फुगवायचा मोह होतो. पण तो फुगवलेला आकडा पुढे इन्शुरन्सच्या सर्व्हेअरपुढे जातो, मग कोर्टात जातो, आणि समोरचा वकील पहिला प्रश्न बंपरचाच विचारतो. एकदा बंपर खोटा ठरला की ओरखड्यांवरसुद्धा शंका येते.

नुकसान मोजायचं कसं याचं सूत्र कायद्यात दिलेलं नाही. माझ्या मते कलम ठरवण्यापुरतं तुटलेल्या वस्तूचं नुकसानच धरावं, दुरुस्तीचं बिल आणि सर्व्हेअरचा रिपोर्ट, बस. गाडी गॅरेजमध्ये होती तेवढे दिवस टॅक्सीला गेलेले पैसे, पुढच्या वर्षी बुडणारा बोनस, हे सगळं दिवाणी दाव्यात मागायचं.

तरुणाच्या वकिलाने अजून दोन कलमं तपासली. एक ३२४(६), म्हणजे कुणाला ठार मारण्याची, इजा करण्याची किंवा तशी भीती घालण्याची तयारी करून केलेली आगळीक, पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंडही, शिवाय आकडा कितीही असो दखलपात्र. हातात लोखंडी पाईप आहे म्हणजे तयारी आलीच की, असं तरुणाचं म्हणणं. पण रात्री पावणेदोनला रिकाम्या पार्किंगमध्ये पाईप गाडीसाठी होता, माणसासाठी नाही, तेव्हा हे कलम ओढूनताणून लावल्यासारखं झालं असतं. दुसरं, अतिक्रमण. तेही नाही, कारण काका स्वतःच्याच जागेत उभे होते. गाडी चुकीच्या जागी होती. (काकांनी तिथे आग लावली असती तर गोष्ट पूर्ण वेगळ्या पातळीवर गेली असती, कलम ३२६ मध्ये आगीने मालमत्तेचं नुकसान केलं तर सात वर्षांपर्यंत, आणि राहतं घर जाळण्याच्या इराद्याने किंवा ते जळेल हे माहीत असून आग लावली तर जन्मठेपेपर्यंत. इमारतीच्या खाली उभी गाडी पेटवणाऱ्याला वर माणसं झोपलीत हे माहीत नव्हतं असं कोण मानेल?)

काकांचं म्हणणं काय? पहिले दोन महिने एकच, मी नाहीच. मग त्यांच्या वकिलाने जे मांडलं ते जरा विचार करण्यासारखं आहे. जागा माझी, माझ्या नावावर अलॉट झालेली, दोनदा सांगून गाडी काढली नाही, मग मी माझ्या जागेचं रक्षण करायचं नाही का? मालमत्तेच्या बचावाचा हक्क कायद्यात आहे, न्याय संहितेचं कलम ३५, पण तो चोरी, दरोडा, आगळीक, फौजदारी अतिक्रमण असल्या गोष्टींविरुद्ध, आणि जिथे सरकारी यंत्रणेकडे दाद मागायला वेळ असतो तिथे तो मिळत नाही, शिवाय बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. तीन रात्री उभ्या असलेल्या गाडीसाठी कमिटी होती, टोइंग होतं, पोलीस होते. आणि काच फोडून जागा मोकळी होत नाही, टायर फाडल्यावर तर गाडी आणखी पक्की बसते तिथे. त्यामुळे हा बचाव टिकला नसता असं मला ठाम वाटतं. रागाच्या भरात झालं हासुद्धा बचाव नव्हे, शिक्षा कमी करायला फार तर उपयोगी पडेल.

आणि इथे लोकांना माहीत नसलेली एक गोष्ट सांगतो, मालमत्ता स्वतःची किंवा सामायिक असली तरी आगळीक होऊ शकते, तसं स्पष्टीकरणच कलमात दिलंय. भावाभावांच्या सामायिक घराची भिंत एकाने पाडली आणि 'माझंपण घर आहे' म्हणाला तर तेवढ्याने सुटका होत नाही. उलट बाजूने, ही वस्तू माझीच आहे असं जर कुणी खरोखर प्रामाणिकपणे समजत असेल तर त्याचा इरादाच सिद्ध होत नाही. काका जागेबद्दल तसं म्हणू शकत होते, गाडीबद्दल नाही.

पुराव्याकडे येऊ, कारण केस तिथेच अडते. घाव दिसत नाहीत म्हणून केस गेली असं नाही, परिस्थितीजन्य पुरावा चालतो, पण साखळी तुटता कामा नये. ग्रुपवरचा मेसेज इरादा दाखवतो. फुटेज वेळ, माणूस आणि पाईप दाखवतं. त्या दरम्यान दुसरं कुणी तिकडे गेलं नाही हे दाखवायला मधलं सगळं फुटेज लागतं, आणि तरुणाने काय केलं होतं, मोबाईलने स्क्रीनचा व्हिडिओ काढला होता फक्त काकांचा. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, ठरावीक दिवसांनी जुनं पुसून नवीन लिहितं. सेक्रेटरीला पहिल्याच दिवशी लेखी पत्र देऊन संपूर्ण रात्रीचं फुटेज राखून ठेवायला सांगायला हवं, तोंडी सांगितलेलं नंतर कुणाला आठवत नसतं. इथे वकिलाने पाचव्या दिवशी पत्र दिलं आणि नशिबाने फुटेज शिल्लक होतं. ते कोर्टात वाचायचं तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं सर्टिफिकेट लागतं, त्यात आता दोन भाग आहेत, एक सादर करणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, हॅश व्हॅल्यूसकट, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या आकड्यासकट. ग्रुपच्या मेसेजचा नुसता स्क्रीनशॉट चिकटवला की झालं असं समजणाऱ्यांची केस इथेच लंगडी पडते.

तर मॅजिस्ट्रेटकडे दोन रस्ते होते. दोन्ही नागरिक सुरक्षा संहितेतले, एक म्हणजे १७४ खाली तपासाचा आदेश मागायचा, दुसरा म्हणजे २२३ खाली थेट खाजगी तक्रार करायची, ज्यात कोर्ट दखल घेण्याआधी आरोपीलासुद्धा म्हणणं मांडायची संधी देतं, ही नवीन तरतूद आहे. वकिलाने पहिला रस्ता धरला, कारण डीव्हीआर आणि पाईप जप्त करायला पोलीस लागतात, खाजगी माणसाला ते जमत नाही. मुदतीचंही बघावं लागतं. जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षं असलेल्या गुन्ह्याची दखल तीन वर्षांच्या आत घ्यावी लागते, सहा महिने शिक्षेच्या गुन्ह्याची एका वर्षात. आधी बघू, मग बघू करत बसणारे वीस हजारांच्या आतल्या केसमध्ये हमखास मुदत घालवतात.

मधल्या काळात गाडीचं काय? तिला कोर्टासाठी थांबता येत नाही. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे जिच्यात आपल्या गाडीचं नुकसानही धरलेलं असतं, दुसऱ्याने मुद्दाम केलेलं नुकसान कव्हर असतं, त्यामुळे एनसीची प्रत लावून क्लेम केला. अठ्ठ्याहत्तर हजारांच्या बिलात कंपनीने एकसष्ट दिले. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, नव्हतं. काचेला घसारा लागत नाही ती पूर्ण मिळाली, टायर गाडीबरोबरच खराब झाले असतील तरच आणि तेही निम्मे मिळतात, तिथे तेरा हजारांतले साडेसहा गेले, आरशांच्या प्लास्टिकचे साडेचार, पेंटमध्ये पाच, आणि सक्तीचं डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला आपण सोसायचा भाग, एक हजार. झाले सतरा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, चालू वर्षी पस्तीस टक्के होता, पुढच्या नूतनीकरणाला पंचेचाळीस झाला असता, आता शून्य, बारा हजारांच्या ओन डॅमेज प्रीमियमवर चोपन्नशे रुपये. टॅक्सीचे सहा हजार. म्हणजे इन्शुरन्स असूनही खिशातून अठ्ठावीस हजार चारशे.

काकांनी पहिल्याच आठवड्यात कबूल करून गॅरेजचं बिल भरलं असतं तर क्लेमच करावा लागला नसता आणि बोनसही वाचला असता, पण "पुरावा दाखव" म्हणण्यात तो आठवडा गेला.

चारेक महिन्यांनी तपासाचा आदेश झाला आणि पोलिसांची नोटीस काकांच्या दारात आली, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, म्हणजे अटक नाही, हजर राहा एवढंच. गुन्हा जामीनपात्रच आहे, त्यामुळे आत जायची भीती तशी नव्हती, पण नोटीस बघून घरातलं वातावरण बदललं. शिक्षा झालीच असती तर किती झाली असती? पहिलाच गुन्हा, वय साठच्या पुढे, अशा वेळी प्रोबेशनच्या, म्हणजे तुरुंगात न पाठवता सोडण्याच्या, १९५८ च्या कायद्याचा विचार होतो, कलम ३ खाली दोन वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात समज देऊन सोडता येतं, आणि कलम ५ खाली सोडतानाच भरपाई द्यायला लावता येते. तरुणाला मात्र काका तुरुंगात पाहायचे होते, जे या आकड्याच्या केसमध्ये जवळपास होतच नाही, आणि वकिलाने ते त्याला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवं होतं.

फौजदारी कोर्ट भरपाई देऊ शकतं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९५, दंडातून किंवा दंड नसेल तरी वेगळा आदेश करून. पण ती देणं कोर्टाच्या मर्जीवर. हक्काने मागायची तर दिवाणी दावा, मुदत तीन वर्षं, आणि तिथे पुराव्याचं ओझं हलकं असतं. फौजदारीत संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं, दिवाणीत जास्त शक्यता कुठल्या बाजूला आहे तेवढं पुरतं. खांबामागच्या फुटेजवर काका फौजदारीत सुटले असते आणि दिवाणीत हरले असते असं अगदी होऊ शकलं असतं. दोन्ही एकत्र चालवता येतात, फक्त फौजदारीत मिळालेली रक्कम दिवाणी कोर्ट हिशेबात धरतं.

शेवटी काकाच भेटायला आले. "अरे, वय झालं माझं, कोर्टाच्या पायऱ्या नाही चढवत, आकडा सांग." तरुणाने आधी एक लाख सांगितले, वकिलाने त्याला गप्प बसवलं. वीस हजार ते एक लाखामधली खाजगी माणसाच्या नुकसानीची आगळीक त्याच संहितेच्या कलम ३५९ खाली ज्याचं नुकसान झालं त्याला मिटवता येते, मिटली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखंच धरतात. पण तडजोडीच्या कागदावर एक गोम होती. काकांच्या वकिलाने लिहिलं होतं की या घटनेबाबत कुणाचंही, कसलंही येणं बाकी राहिलं नाही. तरुणाने ते डोळे झाकून सही केलं असतं तर तो अडकला असता, कारण क्लेमचे पैसे दिल्यावर नुकसान करणाऱ्याकडून वसूल करायचा हक्क विमा कंपनीकडे जातो, आणि तो हक्क परस्पर सोडून दिला तर कंपनी तरुणालाच जाब विचारते. म्हणून वाक्य बदललं, विम्यातून न मिळालेल्या नुकसानीपुरतीच ही तडजोड आहे आणि कंपनीचे हक्क अबाधित आहेत असं घातलं. काका यावर दोन तारखा अडून बसले. त्यांचं म्हणणं मला पटतं, पैसे देऊनही प्रकरण संपणार नसेल तर द्यायचे कशाला, पण दुसऱ्याचा हक्क तरुण कसा सोडणार?

पोलिसांचा रिपोर्ट कोर्टात गेल्यावर लोकअदालतीत ठेवलं. तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नसतं, त्यामुळे काकांनी हप्ता चुकवला तर पुन्हा दावा लावायची गरज नाही, सरळ वसुली. अठ्ठावीस हजार चारशे, दोन हप्त्यांत, आणि गाडी पुन्हा त्या जागेत लावणार नाही ही तरुणाची लेखी हमी, जी काकांनी आग्रहाने घालून घेतली, आणि ती घालायलाच हवी होती. महिनाभराने कंपनीचं वेगळं पत्र काकांच्या नावाने आलं, एकसष्ट हजारांचं. ते त्यांनी वकिलाकडे दिलंय, आणि तीन वर्षांची मुदत तिथेही आहेच.